नुसते बुश बदललेत

मराठी मध्यमवर्गीय माणूस हौसेवर पैसा खर्च करत नाही, असा एक गैरसमज आहे. तो व्यवस्थित करतो. फक्त त्या खर्चाला 'दुरुस्ती' म्हणता आलं पाहिजे. जुनी प्रीमियर पद्मिनी बाळगून तिचं सस्पेन्शन सुधारत बसलेला गृहस्थ हा याचा चालता, म्हणजे बराचसा उभा, पुरावा. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखालून लेंग्याचे दोन पाय बाहेर आलेले दिसले, की ते याचे. गाडीचा रंग उडालाय, बंपरची चकाकी गेलीय, मागच्या सीटची शिवण उसवलीय. तिकडे तो ढुंकून बघत नाही. गाडीला रंग दिला तर शेजारी विचारणार, "काय नाना, घरात कार्य काढलंय का?" शॉकअब बदलले तर कुणी काही विचारत नाही, कारण ते कुणाला दिसतच नाहीत. डामडौलाची लाज वाटणाऱ्या माणसाला याहून सोयीची चैन सापडणार नाही.

या चैनीची भाषाही ठरलेली आहे. तिच्यातला मुख्य शब्द 'नुसते'. पुढून खडखड येते म्हणून नुसते बुश बदलायचे असतात. रबराचे साधे बुश घ्यावेत, तर 'पुन्हा पुन्हा कोण उघडणार' म्हणून पॉलियुरेथेनचे येतात. नवे बुश घट्ट बसले की जुने शॉकअब ढिले वाटू लागतात, म्हणून गॅसचे शॉकअब. ते आले की पुढच्या स्प्रिंगा बसल्यासारख्या दिसतात आणि मागचे पाटे तर त्याला पहिल्यापासूनच पसंत नसतात. मग रेडियल टायर, आणि त्यांनी उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड झालं की स्टिअरिंग बॉक्स. प्रत्येक खर्चाचं कारण आदल्या खर्चात असतं, त्यामुळे हौसेपायी असा एक रुपयाही गेलेला नसतो. त्यासाठी कुर्ल्याच्या स्पेअरच्या दुकानांतून फेऱ्या होतात. गाडी जन्मली कुर्ल्याच्या कारखान्यात, तेव्हा हेही तो माहेरपणातच धरतो.

"अहो, पण हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे," असं तो म्हणेल, आणि ते निम्मं खरं आहे. 1089 सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मूळ आराखडा साठच्या दशकातल्या फियाटचा. अशा गाडीचे किंगपिन झिजले, स्टिअरिंगला प्ले आला, तर ती रस्त्यावर आणू नयेच. पण किंगपिन बदलून वेळेवर ग्रीसिंग केलं, रबराचे नवे बुश, धड शॉकअब आणि अलाइनमेंट झालं, की गाडी सरळ चालते. दुरुस्ती तिथे संपते. पुढचा जाड अँटी-रोल बार वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो, आणि वळण कुठलं? तर डेअरीकडे चक्का आणायला जाताना ताशी 40च्या वेगात लागणारं. गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, ताशी 25च्या वेगात तो सुखाने ओलांडता यावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. सोसायटीच्या फाटकापुढचा मात्र गवंड्याच्या मर्जीने झालेला असतो. त्यावर खाली बसवलेली पद्मिनी पोट घासते. मूळच्या मऊ स्प्रिंगा आणि रबर खड्डे गिळायचे; आता तेच खड्डे सहीसलामत मणक्यापर्यंत पोचतात. याला तो 'रोड फील' म्हणतो आणि रात्री कमरेला बाम लावतो.

कायद्याचा धाक घालून पाहा, तोही पाठ असतो. केंद्राच्या 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. "यात पाट्याचं नाव कुठंय?" तो विचारतो. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणायची. दुसऱ्या कुणाला ही अडचण वाटली असती. हा तसाही गॅरेजखेरीज फारसा कुठे जात नाही.

कुणी म्हणेल, जुन्या गाड्यांचं वेड काय मराठी माणसालाच आहे? मुळीच नाही. मुंबईचा पारशी गाडीवर जीव लावतो, पण तसं उघड सांगतो आणि रविवारी ती पुसून चकाकत दारात उभी करतो. आपल्या नानांची पंचाईत अशी, की चैन लपवलीय ती गाडीखाली, आणि कुणाला दाखवल्याशिवाय राहवत तर नाही. म्हणून ते येणाऱ्याजाणाऱ्याला पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून दाबायला लावतात. गाडी दबते, एकदा वर येते आणि जागच्या जागी थांबते. "बघितलंत? दुसऱ्यांदा हलली नाही!" नानांच्या तोंडावर तेव्हा नातवाचा दहावीचा निकाल लागल्याचा भाव असतो. तुम्हाला कधी बोलावलं तर जरूर दाबा, जोर लावून दाबा. खर्च किती आला हे मात्र काकू गॅलरीत नाहीत ना, एवढं बघून मगच विचारा.