पाण्यात टिकणारा फोन

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा सिमचा ट्रे बाहेर काढतो, फटीत टॉर्च मारतो आणि उभ्या उभ्या निकाल देतो, "सर, लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही." पुरावा काय, तर आतला इवलासा पांढरा स्टिकर. ओल लागली की तो लाल होतो. तक्रार स्पीकरची असो की चार्जिंगची, स्टिकर लाल म्हणजे गुन्हा शाबीत. कोकणात जुलैमध्ये उशीसुद्धा ओलसर लागते, पण हे कंपनीच्या गावीही नसतं.

गंमत म्हणजे हाच फोन जाहिरातीत तलावात सूर मारतो. त्यामागच्या आयपी६८ या पाणीरोधक मानांकनाची चाचणी होते प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात. आणि वॉरंटी कार्डावर, डोळ्यांत तेल घालून वाचावं अशा अक्षरांत, पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. फोन पाण्यात टिकतो, वॉरंटी विरघळते.

मग टोलवाटोलवी. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी सेंटरकडे, आणि सेंटर म्हणतं मदरबोर्ड बदला. त्या खर्चात थोडी भर घातली की नवा फोन येतो, हे सांगायलाही तोच मुलगा तत्पर!

तोंडी निकाल घेऊन घरी येऊ नका. जॉबशीटवर कारण लिहून मागा, स्टिकरचा फोटो स्वतः काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथेही भागलं नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य.