जादूगारांचं बहिरम

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कोलन नावाचं एक खेडं आहे. वस्ती जेमतेम बाराशे. आमच्या चांदूर बाजारात आठवडी बाजाराच्या दिवशी नुसत्या भाजीच्या ओळीत याहून जास्त माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत असतात. तरी कोलन स्वतःला जगाची जादूची राजधानी म्हणवतं आणि कोणी हरकत घेत नाही. हॅरी ब्लॅकस्टोन नावाचा बडा जादूगार 1920च्या दशकात तिथे येऊन राहिला. त्याच्या मागून पर्सी अॅबट हा ऑस्ट्रेलियन आला, त्याने जादूच्या सामानाचा कारखाना काढला आणि 1934 साली गिऱ्हाईक जमवायला म्हणून जादूगारांचा मेळावा भरवला. तो अजून दर ऑगस्टात भरतो. गावच्या दफनभूमीत वीसहून अधिक जादूगार चिरविश्रांती घेत आहेत. ही शेवटची माहिती मी आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना दिली, तेव्हा त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मंग? वापस नाई आला का कोनी?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा शिरला आहे. असा मेळावा चांदुरात का भरू नये? तंबूंची अडचण नाही. आमच्याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि महिन्याच्या वर चालते. पाळणे, खेळण्यांची दुकानं, एके काळी टुरिंग टॉकीज आणि तमाशाचे फड, शिवाय रोडगे आणि मातीच्या हंडीत शिजणारं मटण. गाडगेबाबांनी तिथल्या पशुबळींविरुद्ध कीर्तनं केली. बळी थांबले, हंडी थांबली नाही. यात्रा उठली की तंबूवाले, जनरेटरवाले, हंडीवाले सगळे मोकळेच असतात. त्यांना फक्त बाजाराकडे वळवायचं.

खरी अडचण पाहुणे आणण्याची. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. अमरावतीच्या वर चांदूर बाजार, खाली चांदूर रेल्वे. पूर्वी एक खूण तरी होती, की रेल्वे जिथे ते चांदूर रेल्वे. आता नरखेडच्या लाइनीमुळे बाजारलाही रेल्वे आली, आणि रेल्वेत बाजार तर आधीपासून भरतोच. कोलकात्याचा जादूगार हावडा-मुंबई गाडीने येणार आणि बिनदिक्कत चांदूर रेल्वेला उतरणार. त्याची पेटी मात्र कोणीतरी शहाणा बाजारला पोचवणार. बाईला करवतीने कापायच्या खेळात पेटीचे दोन भाग असतात. एक भाग एका चांदुरात आणि दुसरा दुसऱ्यात, एवढ्या लांबवर बाई आजवर कोणी कापलेली नसेल.

या खेळाने तर इंग्लंड हादरलं होतं. 9 एप्रिल 1956ला जादूगार पी. सी. सरकारांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात एका मुलीला फिरत्या करवतीने कापलं, आणि तिला उठवून दाखवायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली. साऱ्या देशातून फोन खणाणले, की पोरगी मेली काय? पोरगी ठणठणीत होती. सरकारांना लंडनमध्ये याहून मोठी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती. आमच्याकडे हे जमणार नाही. इथे वेळ संपत नाही. पाहुण्यांच्या सत्कारातच रात्रीचे दहा वाजतात आणि मुलगी पेटीत झोपी जाते.

मेळाव्याची स्मरणिका निघेलच. तिच्यात "वऱ्हाड आणि जादू" असा लेख लागेल, आणि तो मलाच लिहावा लागेल. माझी सुरुवात तयार आहे. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर आमच्याच जिल्ह्यातलं. लग्नघर माणसांनी भरलेलं, वडील हजर, भाऊ शस्त्र घेऊन पहाऱ्यावर, नवरदेव शिशुपाल वरात घेऊन आलेला, आणि एवढ्यांच्या देखत नवरी गायब. बाकी सगळं जादूच्या शास्त्राप्रमाणेच झालं. गर्दी भरपूर, रथ आधीच तयार, आणि मुख्य म्हणजे सहायिका फितूर. चिठ्ठी तिनेच पाठवली होती.

लेखात पुण्याचे रघुवीर भोपळेही येतील. या मराठी माणसाने देशोदेशी खेळ केले, 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या घरातली तिसरी पिढी आज रंगमंचावर आहे. त्यांच्याकडून कोणी आलं तर चांदुरातला सत्कार नक्की. म्हणजे शाल, नारळ आणि संत्र्याची पेटी. ती पेटी रिकामी करून पुन्हा भरून दाखवा, असा आग्रहही होईलच.

मेळाव्यात बघण्यासारखं काय असतं, असं विचाराल तर मोठा खेळ नव्हे. मोठा खेळ तिकीट काढून कुठेही दिसतो. बघावेत ते प्रेक्षकात बसलेले जादूगार. साधा माणूस जादूगाराच्या दाखवत्या हाताकडे बघतो. जादूगार दुसऱ्या हाताकडे बघतो. म्हणून जादूगारांपुढे खेळ करणारा खरी लबाडी दाखवत्या हातातच उरकतो, आणि पहिल्या रांगेतले जाणकार रिकाम्या हाताकडे डोळे लावून बसतात. कबूतर निघाल्यावर ते टाळी वाजवत नाहीत. मध्येच, काहीच घडलेलं नसताना, चारपाच जण हळूच मान डोलवतात. आपण शेजाऱ्याला विचारतो, काय झालं? तो म्हणतो, काही नाही. त्या 'काही नाही'साठी त्या माणसाने आरशापुढे वर्षं घालवलेली असतात. आणि खेळ संपल्यावर एक जादूगार दुसऱ्याला म्हणाला, "मी फसलो," तर त्या जमातीत याहून मोठी दाद नाही.

हे मी मामाजींना सांगत होतो. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजे फसाले येतात? पैसे देऊन?"

"हाव मामाजी. लांबून लांबून येतात."

"जवाईबापू, आमाले तं घरी येऊन फुकटात फसवून जातात लोकं."

वऱ्हाडी प्रेक्षकापुढे जादूगाराचं कठीण आहे. 1856 साली फ्रेंच सरकारने रोबेर-उदँ या जादूगाराला मुद्दाम अल्जीरियात पाठवलं होतं. तिथल्या लोकांवर छाप पडावी म्हणून. त्याच्याकडे एक छोटी पेटी होती. आधी ती पोरालाही उचलता यायची, आणि त्याने फर्मान सोडलं की पहिलवानालाही हलेना. खाली लोहचुंबक होतं, विजेवर चालणारं. अल्जीरियातले लोक म्हणे हबकले. तोच खेळ चांदुरात करून बघा. घरी मोजलेला कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर जाताच हलका होतो, हे इथल्या माणसाने जन्मभर पाहिलेलं आहे, आणि तेही विजेशिवाय. तो मिशीला पीळ देऊन म्हणेल, "यात काय हाय बाप्पा?"

डोळ्यांवर पट्टी बांधून भर रस्त्यातून मोटारसायकल चालवणं, ही जादूगारांची जुनी जाहिरात. तिचीही इथे डाळ शिजायची नाही. आमच्या तालुक्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, आणि 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. ज्या मुलखात हे झालं तिथे पट्टी बांधून बसस्टँडापर्यंत गेलेल्याचं कौतुक किती करणार? शिवाय बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यावर बाकीचे कसे गाडी चालवतात हे मी दर आठवड्याला बघतो. त्यांच्यापैकी जादूगार कोण, हे पोलिसांनाही ओळखता येणार नाही.

पण दुकानं! मेळाव्यातली खरी गंमत तिथे. जादूच्या सामानाच्या दुकानात वस्तू मिळत नाही, कळणं विकत मिळतं. भरपूर पैसे मोजून पाकीट घरी आणायचं, उघडायचं, तर आत दोरा. किंवा प्लॅस्टिकचा खोटा अंगठा, ज्यात रुमाल गडप होतो. गिऱ्हाईक क्षणभर बसतं, मग खो खो हसतं, आणि दुसरं पाकीट घ्यायला जातं. मामाजी तिथे एकच वाक्य बोलतील आणि दुकानदार निरुत्तर होईल: "खोट्या अंगठ्याले इतके पैसे? सावकारानं तं आपले खरे अंगठे फुकटात घेतले नं जी!"

राहता राहिली तारीख, आणि इथेच सगळं अडलं आहे. पी. सी. सरकारांचा जन्म 23 फेब्रुवारी 1913चा. जादूगार तो दिवस साजरा करतात, म्हणून मेळावा 23 फेब्रुवारीला, हे मी चहाच्या टपरीवर जाहीर केलं. टपरीवरचे एक गुरुजी उठून उभे राहिले. म्हणाले, "त्या दिवशी गाडगेबाबांची जयंती असते." खरंच की. 23 फेब्रुवारी 1876, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. दोघांकडेही एक भांडं होतं, हा योगायोग मला फार आवडला. सरकारांच्या लोट्यातलं पाणी कितीदा ओतलं तरी संपत नसे, आणि बाबांच्या डोक्यावरच्या मातीच्या गाडग्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळा निघाल्या. सरकारांच्या लोट्याची युक्ती आता पुस्तकात छापलेली आहे. गाडग्याची युक्ती तशी उघडीच होती, कोणाला करून बघावीशी वाटली नाही एवढंच.

गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. ते अंधश्रद्धा निर्मूलनवाले. श्याम मानवांची समिती 1982 साली नागपुरात निघाली, तेव्हापासून आमच्याकडच्या शाळांतून लिंबातून रक्त काढणं आणि पाण्याने दिवा पेटवणं चालू आहे. मग लगेच फळ्यावर सांगायचं: हे रसायन, हे कॅल्शियम कार्बाइड. गुरुजींची अट अशी, की मेळाव्यात प्रत्येक खेळानंतर त्यामागची युक्ती फळ्यावर लिहायची. मी म्हटलं, गुरुजी, त्या लोकांनी युक्ती न सांगण्याची शपथ घेतलेली असते. गुरुजी म्हणाले, मीही सांगण्याची घेतली आहे.

परवानगीच्या अर्जातही जादू आणि जादूटोणा यांच्या गोंधळाने घोळ झाला. एका कचेरीतल्या बाबूने "जादू" हा शब्द वाचला आणि कागद दोन बोटांनी धरून माझ्याकडे परत सरकवला. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा पत्ते नि कबुतरांशी संबंध नाही, हे मी समजावत राहिलो. तो म्हणाला, "तसं लेखी आना."

शेवटी टपरीवरच तोडगा निघाला. तंबूला दोन दरवाजे ठेवायचे. डावीकडून आत जाईल त्याला खेळ झाल्यावर बाहेर पडताना गुरुजी युक्ती समजावून सांगणार. उजवीकडून जाईल त्याला कोणी काही सांगायचं नाही, त्याने नुसतं तोंडाचा आ करून घरी जायचं. गुरुजी राजी झाले. टपरीवाला दोन्ही दरवाज्यांपाशी गिला वडा लावणार म्हणाला. सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं, कारण वर्गणीची पहिली पावती त्यांच्याच नावाने फाडायची होती. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि विचारलं, "कोन्या दरवाज्याचं तिकीट सस्तं हाय?"