टिकाऊ बूट

माझ्या पहिल्या डोंगरी बुटांचं नाव ‘हंटर’ होतं. हिरव्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वर जाणारे, लष्करी माल विकणाऱ्या दुकानात जोडीजोडीने दोरीला लटकलेले. नाव शिकाऱ्याचं, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचे दिवस केव्हाच संपवलेले. त्यामुळे त्या बुटांनी आयुष्यभर एकच शिकार केली, गडाच्या पायथ्याशी मिळणाऱ्या पिठलं-भाकरीची.

त्यांना कुणी टिकाऊ म्हणत नसे. दोन पावसाळे काढले तरी खूप. ओढ्यात शिरले की एका बाजूने पाणी घेत आणि पुढच्या चढावर दुसऱ्या बाजूने सोडून देत. घरी आल्यावर आई ते दाराबाहेरच ठेवायला लावायची. सोबत मोजे आणि जमलं तर मलाही. फाटले की त्याच दुकानात जायचं, दोरीवरचा नवा जोड काढून घ्यायचा. बुटांची निवड हा काही विचार करण्याचा विषय आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मग वय वाढलं, पगार वाढला आणि परदेशातल्या भाच्याने एक जोड आणला. जाड चामडं, भरभक्कम तळ, आणि खोका असा की त्यात मीच राहायला जावं. पातळ कागदात गुंडाळलेले ते बूट बघून मी जाहीर केलं, “हे हिमालयासाठी!” बायको म्हणाली, “अहो, आधी पर्वतीवर तरी घालून बघा.” पण एवढे बूट पर्वतीच्या पायऱ्यांवर झिजवायचे? छे! ते खोक्यासकट कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले.

हिमालय दरवर्षी ठरत गेला आणि दरवर्षी राहत गेला. एकदा मुलीची दहावी आडवी आली, एकदा घराचा ताबा, एकदा डावा गुडघा. मी मात्र वर्षातून एकदा खोका उघडून बूट पुसत होतो. एका दसऱ्याला गाडीला हार घालून झाल्यावर एक झेंडूचं फूल उरलं. माझी नजर कपाटाकडे वळलेली पाहून बायकोने असे डोळे वटारले की फूल मुकाट्याने तुळशीला गेलं.

सात वर्षांनी हिमालयाचा नाद सोडला आणि ते बूट घालून राजगडला गेलो. गुंजवण्याहून चोरदरवाजाच्या वाटेने चढताना पावलागणिक वाटत होतं, हे मी नाही, माझं चामडं चालतंय. पद्मावती माचीवर दोघा पोरांनी बुटांची चौकशीही केली. मी किंमत सांगितली नाही, पण चेहऱ्यावरून कळेल अशी व्यवस्था केली.

उतरताना रेलिंग संपलं, घसाऱ्याची वाट लागली आणि उजव्या बुटाने आ वासला. आधी वाटलं, खडा अडकलाय. वाकून पाहिलं तर तळ टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. वीस मिनिटांत डाव्यानेही मित्राला साथ दिली. आतला थर बोटाने दाबला तर शिळ्या ढोकळ्यासारखा भुगा पडला. सोबतच्या वाटाड्या मामांनी पिशवीतून सुतळी काढली आणि पार्सल बांधावं तसे माझे दोन्ही पाय बांधले. स्वतः मामांच्या पायात टायरच्या चपला होत्या. गाठ मारता मारता त्यांनी विचारलं, “किती गड झालं ह्यावर?”

“पहिलाच.”

“मग?”

“सात वर्षं जपून ठेवले होते.”

मामा हसले नाहीत. आजाऱ्याची चौकशी करावी तशा सुरात म्हणाले, “सायेब, वापरलं की झिजतंय, ठिवलं की कुजतंय.”

मी ते गावाकडचं शहाणपण म्हणून ऐकून घेतलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हे रसायनशास्त्र होतं. अशा बुटांच्या तळात, बाहेरचं रबर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये, बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. पावलाला बसणारा दणका तो सोसतो. पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो. बूट पायात असोत वा कपाटात, हे चालूच असतं. काही वर्षांत थराचा भुगा होतो आणि वरून बूट नवेकोरे दिसत राहतात. बंद खोक्यात, दमट हवेत तर फारच बेमालूम. चालत राहिलं तर ही कूज लांबते, असं बूट बनवणारेही सांगतात. म्हणजे सात वर्षं मी जे जपत होतो, ते बूट नव्हतेच, बुटांचं कातडं होतं.

नव्या बुटांसाठी मग मी रीतसर दुकानात गेलो. संध्याकाळी गेलो, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात आणि डोंगरात ते सुजलेलेच असतात. जाड मोजे बरोबर नेले. दुकानातल्या मुलाने मला एका उतरत्या फळीवर उभं केलं. “काका, बोटं पुढे आपटतायत का बघा.” चढताना सगळेच बूट गोड बोलतात, नखं काळी होतात ती उतरताना. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि टाच मात्र जागची हलता कामा नये.

“पण टिकाऊ हवेत,” मी बजावलं.

त्याने दोन जोड पुढे ठेवले. एकाचं रबर कडक. ते वर्षानुवर्षं झिजणार नाही, पण पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर घसरेल. दुसऱ्याचं मऊ. ते कातळाला बिलगेल, पण आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट त्याला कानशीसारखा खाऊन टाकेल. मी बराच वेळ दोन्ही हातांत घेऊन उभा राहिलो. प्रश्न शेवटी असा होता की टिकायचं कुणी, बुटांनी की मी?

हा प्रश्न माझ्याआधी फार गंभीरपणे एकाला पडला होता. व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने १९३५ साली आल्प्समध्ये सहा सोबती गमावले. पायातली पादत्राणं त्या थंडीवाऱ्याला पुरी पडणारी नव्हती. पुढे त्याने रबराचा खोल खाचांचा तळ घडवला आणि १९३७मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्याच नाव-आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून तो ‘व्हिब्रम’ झाला. १९५४ साली इटालियन पथक के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचलं, ते हेच तळ घालून. हिरकणी रायगडाचा कडा उतरली, तेव्हा तिच्या पायात काय होतं हे मात्र आपल्याकडे आजवर कुणी विचारलेलं नाही. घरी तान्हं बाळ वाट बघत असलं की पकड आपोआप येत असावी.

“काका, वॉटरप्रूफ देऊ?” मुलाने विचारलं. मला हंटर आठवले. आपल्या आषाढात पाणी बुटाच्या कापडातून कशाला येईल? ते ऐटीत घोट्यावरून आत उतरतं. आणि एकदा आत आलं की वॉटरप्रूफ बूट ते दिवसभर सांभाळून ठेवतो, अगदी मी बूट सांभाळले तसं. मी नको म्हणालो. मऊ रबराचे, पाणी घेणारे आणि पाणी सोडणारे, मध्यम किमतीचे बूट घेतले. किती वर्षं टिकतील, हे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. मी तेच बूट घालून दूध आणायला निघालो. बायको म्हणाली, “नवे आहेत ना? चिखलात कशाला?” मी म्हटलं, “म्हणूनच.” परत येताना मुद्दाम टेकडीवरून आलो. दारात बूट काढले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते बाल्कनीत उलटे करून ठेवले. त्यांना जरासा वासही यायला लागला होता. ओळखीचा वाटला.

मग कपाटाच्या वरच्या कप्प्यातला जुना खोका काढला. मजबूत होता, सात वर्षांत त्याचा एक कोपरासुद्धा दुमडला नव्हता. नवे बूट त्यात छान मावले असते. पेपरवाला रद्दी न्यायला आला, तेव्हा मी तो खोका सगळ्यात वर ठेवून दिला.