आवाज कुणाचा?

मोटारसायकलचा आवाज इंजिन निर्माण करत असले तरी त्याचे संपादन सायलेन्सर करतो, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. एक सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदाच इंधन पेटते. त्यामुळे मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या संथ चालीवर सेकंदाला साधारण आठ स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडताच तप्त वायू नळीत घुसून जी थाप देतो तिला बुलेटप्रेमींच्या परिभाषेत 'फायरिंग' म्हणतात. ही थाप आवरण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत: आतल्या कप्प्यांतून वायूला उलटसुलट फिरवून ध्वनिलहरी एकमेकींवर आदळवणे हा पहिला, आणि छिद्रे असलेल्या नळीभोवती काचतंतूंची लोकर, म्हणजे ग्लासवूल, भरून आवाज तिच्यात जिरवणे हा दुसरा. स्वस्तात आवाज सुधारून देण्याचा जो व्यवसाय सर्वत्र चालतो, त्यात पहिला मार्ग काढून टाकला जातो आणि दुसऱ्याचे आश्वासन दिले जाते.

प्रस्तुत वृत्तान्ताचा नायक असलेला वाहनमालक हा पन्नाशी ओलांडलेला, हिशेबतपासनिसाचे काम करणारा पुणेकर गृहस्थ असून, त्याच्या स्वतःच्या आवाजाची ख्याती अशी, की सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याने मांडलेल्या सूचनेची नोंद इतिवृत्तात 'अन्य विषय नव्हते' अशी होते आणि हॉटेलात त्याने मागवलेला चहा शेजारच्या टेबलावर जातो. अशा मनुष्याने रॉयल एनफील्डची नवी क्लासिक 350 घ्यावी, यामागील मानसशास्त्र उघड आहे. तथापि गाडी दारात येताच पुतण्याने, "काका, ही तर शिलाई मशीन वाटते," असा अभिप्राय दिला. त्यात तथ्याचा अंश होता. जुन्या ओतीव लोखंडी 346 सीसी इंजिनात दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर होती. नव्या 349 सीसी इंजिनात ती 85.8 मिलिमीटर असून थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्टही आहे. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांमुळे धुरातील घातक वायूंचे रूपांतर करणारे उत्प्रेरक पात्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, वाटेत ठाण मांडून बसलेले असते. एवढ्या नाक्यांवरून तपासणी होऊन जो आवाज बाहेर पडतो तो सभ्य असतो, आणि सभ्य आवाजाचे पुढे काय होते हे वाहनमालकाला वार्षिक सभांवरून चांगलेच ठाऊक होते.

महाबळेश्वरचे आरक्षण झालेले होते; जाता जाता नाना पेठेत थांबून दोन हजारांच्या आत हा दोष दूर करावा, असे ठरले. दुचाकीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेत इंदोरी, पंजाब, डॉल्फिन, मेगाफोन, शॉर्ट बॉटल अशा कुळांचे सायलेन्सर दुकानाबाहेर टांगलेले असतात. वाहनमालकाने "जरा भारदस्त, पण फार नको," असे तीनदा सांगितले. विक्रेत्याला ते तिसऱ्यांदा ऐकू आले. "साहेब, आत फुल ग्लासवूल आहे, बेस मिळणार, पोलीस अडवणार नाही," अशी तीन विधाने करून त्याने पंजाब जातीचा एक नग तेथेच बसवून दिला. मूळ सायलेन्सर दुकानातच ठेवून जावा, या सूचनेला सहप्रवासी पत्नीने ठाम नकार दिला. "कंपनीचा माल आहे. परत आल्यावर तो कोण ओळखणार?" असे म्हणून तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळून डावीकडच्या साडीगार्डला सुतळीने करकचून बांधायला लावला. अशा रीतीने एक बोलका आणि एक मुका असे दोन सायलेन्सर घेऊन गाडी स्वारगेटच्या दिशेने निघाली.

कात्रजच्या जुन्या बोगद्यात विक्रेत्याचे दुसरे विधान खरे ठरले. बंदिस्त भिंतींवरून परतणाऱ्या खर्जामुळे बोगदा असा दणाणला, की वाहनमालकाला आयुष्यात प्रथमच आपण काहीतरी बोललो आणि ते सर्वांनी ऐकले, असा प्रत्यय आला. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र आवाज नाहीसा झाला. याचे कारण सरळ आहे: सायलेन्सरचे तोंड मागे असते, गाडी पुढे जाते आणि वेग वाढला की हेल्मेटभोवती घोंघावणारा वारा चालकाच्या कानात इतर सर्व आवाजांवर मात करतो. तात्पर्य, सायलेन्सरचा खर्च मालक करतो आणि त्याचा उपभोग मागचे लोक घेतात. या प्रसंगी मागे पत्नी होती. "काय म्हणालात?" असे तिने शिरवळपर्यंत अनेकदा विचारले; वस्तुतः वाहनमालक काहीच म्हणाला नव्हता. वाटेतल्या हॉटेलात गाडी थांबताच सारे ग्राहक वळून पाहू लागले, पण त्याने मागवलेला चहा याही वेळी शेजारच्या टेबलावर गेला.

खंबाटकी घाट, सुरूर फाटा आणि वाईचा ढोल्या गणपती यांचे दर्शन यथाविधी झाले.

पसरणी घाट अर्धा चढून गेल्यावर पत्नीने पाठीवर बोटाने टोचून सांगितले, "अहो, मागून काहीतरी पांढरं उडतंय." ते विक्रेत्याचे पहिले विधान होते. आतली जाळी सुटल्यामुळे ग्लासवूलचे पुंजके एकेक करून बाहेर पडत होते, आणि प्रत्येक पुंजक्यागणिक आवाजाला अधिकाधिक कंठ फुटत होता. पुढच्या वळणावर बेंडपाइपवरचा, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत वायू आणणाऱ्या वाकड्या नळीवरचा, क्लॅम्प सुटला. सायलेन्सर मागच्या एकाच बोल्टवर लोंबकळत डांबरावर ठिणग्या पाडू लागला आणि उघडी पडलेली नळी थेट सह्याद्रीशी बोलू लागली. कठड्यावरची माकडे पिलांना पोटाशी धरून वर पळाली. समोरून उतरणारी एसटी जागीच थांबली आणि "टायर फुटला का बघ रे," या चालकाच्या हुकमावरून वाहकाने खाली उतरून सगळी चाके लाथ मारून तपासली. खुलासा करण्यासाठी वाहनमालकाने तोंड उघडले, परंतु इंजिन बंद करायचे राहिल्यामुळे तो खुलासा इतिहासजमा झाला. एसटीतले प्रवासी, दोन मोटारी आणि एक स्ट्रॉबेरीवाला असा एवढा श्रोतृवर्ग त्याला यापूर्वी कधीही लाभला नव्हता.

रस्ता घाण होऊ नये या नागरी जाणिवेने त्याने ग्लासवूलचे पुंजके हातांनी वेचून खिशात भरले. काचेचे सूक्ष्म तंतू त्वचेत रुतून तीव्र खाज सुटते, ही माहिती त्याला थोड्याच वेळात मिळाली.

येथे कायद्याचा विचार अपरिहार्य ठरतो. 175 सीसीवरील दुचाकीसाठी चाचणीतील ध्वनिमर्यादा 80 डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ रचनेत असे फेरफार करण्यास मनाई करते आणि कलम 190 नुसार ध्वनिनिकष मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय 3 महिने परवानाही जातो. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत वारंवार येतात आणि ती पाहून समाधान वाटते. रात्री साडेअकराला रुग्णालयाच्या भिंतीलगत ॲक्सिलरेटर पिळणाऱ्या, नुकत्या निजलेल्या तान्ह्या मुलाला दचकवून आपण पुरुष असल्याची ग्वाही गल्लीला देणाऱ्या इसमांची कीव करण्याचे काही कारण नाही; त्यांच्या सायलेन्सरवर रोलर एकदा नव्हे, जाऊन-येऊन फिरवावा.

या कायद्याच्या धाकाने वाहनमालक इंजिन बंद ठेवून घाटाचा उतार न्यूट्रलमध्ये उतरला आणि वाईच्या बाजारपेठेतून त्याने गाडी ढकलत नेली. तालुक्यातील बहुधा सर्वांत मोठ्या आवाजाची ती गाडी चौकातून टाचणी पडल्यास ऐकू येईल अशा शांततेत गेली. "काय काका, पेट्रोल संपलं का?" असे वाहतूक पोलिसाने आपुलकीने विचारले. "हो," पत्नी म्हणाली. वाहनमालक खाजवत होता.

गावाबाहेरच्या गॅरेजमधील वृद्ध मेकॅनिक पूर्णपणे बहिरा होता. आयुष्यभर उघड्या नळीच्या गाड्या ट्यून केल्याचा तो परिणाम होता; सततच्या मोठ्या आवाजाने आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तो समोरच्याच्या ओठांवरून बोलणे समजून घेत असे. वाहनमालकाने नेहमीच्या खालच्या पट्टीत, "मूळचाच सायलेन्सर बसवायचा आहे," असे म्हणताच त्याने मान डोलावली आणि सुतळी सोडायला घेतली. त्याने "काय?" असे विचारले नाही. एका दमात, पहिल्याच खेपेस आपले म्हणणे दुसऱ्याला कळले, या अनुभवाने वाहनमालक इतका गहिवरला, की गरज नसताना त्याने म्हाताऱ्याला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीविषयीची आपली सूचनाही सांगितली. म्हाताऱ्याने तीही शेवटपर्यंत पाहिली.

जोडाचे जुने गॅस्केट, म्हणजे दोन नळ्यांमधली फट बुजवणारी कडी, चेपलेले होते. ते बदलून, क्लॅम्प आवळून म्हाताऱ्याने इंजिन सुरू केले, सायलेन्सरच्या तोंडाशी ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर धरला आणि दुसरा तळवा जोडाभोवती बोटभर अंतरावरून फिरवला. वाफ लागली नाही. मग त्याने वाहनमालकाचा हात धरून पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. "फायरिंग हाताला लागते, साहेब. माझी अजून जात नाही," तो म्हणाला. टाकीच्या पत्र्याखाली सेकंदाला आठ थापा स्वच्छ लागत होत्या. मजुरीसह 150 रुपये झाले.

यथावकाश पाहिलेल्या महाबळेश्वरात धुके, घोडे आणि खाज होती.

परतीच्या वाहतुकीला खंबाटकीत घाटाऐवजी बोगदा लागतो. तेथे वाहनमालकाने वेग कमी केला, हेल्मेटची काच वर केली आणि भिंतीकडची बाजू धरली. कंपनीच्या सायलेन्सरचा खर्ज त्याला पूर्ण ऐकू आला आणि मागे बसलेल्या पत्नीने काय म्हणालात, असे एकदाही विचारले नाही. पंजाब जातीचा नग पुण्यात भंगारात वजनावर गेला.

नव्या गाडीचा आवाज ज्यांना स्वस्तात सुधारायचा असेल त्यांनी प्रथम जोडाचे गॅस्केट आणि क्लॅम्प तपासावेत, कारण सैल जोडातून आत ओढल्या जाणाऱ्या हवेमुळे न जळलेले इंधन नळीतच पेटून जो फटफटाट होतो, त्याचा दोष विनाकारण सायलेन्सरच्या माथी मारला जातो. उरलेल्या पैशांत इअरप्लगची एक चांगली जोडी येते. लांबच्या प्रवासात वाऱ्याच्या घोंघावण्यापासून ती कानांना खरोखर वाचवते.