पेटी आणि आत्या

बारडोली साखरेचं गाव. हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि घरात आत्यांचा दवाखाना. चक्कर आली, साखर. उचकी लागली, साखर. गुडघा फुटला तरी जखमेवर चिमूटभर साखरच.

नंदुरबारला लग्नाला जायचं ठरलं तेव्हा मी प्रथमोपचार पेटी भरायला घेतली. चिकटपट्ट्या, निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, कात्री, चिमटा, पॅरासिटामॉल. मागोमाग आत्यांनी हळद, ओवा, सुंठ आणि टूथपेस्ट कोंबली. "भाजल्यावर लावायला." भाजलं तर पेस्ट नाही लावायची, वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, असं मी म्हटलं. "मग तेवढा वेळ पोळ्या कोण बघणार, डॉक्टर?"

पेटीत टिंचर आयोडीन ठेवायला काकांचा विरोध, ते झोंबतं म्हणून. 1928 साली याच तालुक्याने 22 टक्के सारावाढ धुडकावली आणि वल्लभभाईंना सरदार केलं; काकांची आयोडीनविरोधी चळवळ त्याच मातीतली, फक्त तडजोडीची शक्यता कमी.

ओआरएसच्या पुड्यांवर मात्र आत्या खूश झाल्या. "यातही गोडच की!" खरंच आहे. ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आतड्यातून आत शिरतं आणि त्याच्यामागे पाणी. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेनासं झालं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना हेच पाणी पाजलं आणि कितीतरी जीव वाचले. पण पुडी जेवढ्या पाण्याची तेवढंच पाणी घ्यायचं, वरून साखर घातली तर जुलाब वाढतात. आत्यांनी सगळं मन लावून ऐकलं, शेवटचं वाक्य सोडून.

गाडी व्याऱ्याच्या पुढे गेली तोवर कात्रीने खमणाची पिशवी आणि शेजारच्या काकूंचं वेफर्सचं पाकीट उघडून झालं होतं. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. तिथे पाय मोकळे करायला उतरलेला भाचा दोन्ही राज्यांच्या मधोमध आपटला. मी गुडघा धुतला, गॉज ठेवलं आणि पट्टीसाठी हात घातला, तर खोकं रिकामं.

पट्ट्या लोणच्याच्या बरणीला होत्या. झाकणाभोवती, आडव्या आणि उभ्या, सगळ्याच्या सगळ्या.

"आत्या, या जखमेसाठी होत्या!"

"गुडघा काय, चार दिवसांत भरेल. लोणचं माझ्या पैठणीवर सांडलं असतं, तर त्यावर तुझ्या पेटीत कुठलं औषध होतं?"