लोचांचं पुनर्वसन

जोयडा तालुक्यात पुनर्वसन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, जुनं सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि कितीतरी घरं रामनगरला हलली. उठवलेल्या माणसाला नव्या जागी काय लागतं, हे इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. आधी पाणी, मग आडोसा, शेजारपाजार जुनाच, आणि साहेबांनी दर तासाला येऊन ‘कसं वाटतंय?’ विचारू नये. घरच्या फिशटँकमध्ये नवे लोच, म्हणजे तळाशी राहणारे हे मासे, सोडू पाहणाऱ्याने ही यादी उतरवून घ्यावी, असं माझं म्हणणं आहे. गप्पी आणले तर ती खरेदी. लोच आणले की पुनर्वसन खातं आपल्याकडे आलं म्हणून समजावं. आणि हौशी माणूस ते खातं अगदी सरकारी शिरस्त्याने चालवतो: विस्थापित आधी आणतो, जागेचं नंतर बघतो.

पाण्यापासूनच सुरुवात करू. शनिवारी टाकी आली, रविवारी मासे आले, सोमवारी पाणी कसं नितळ दिसतंय म्हणून घरदार खूश. पण नितळ पाणी आणि राहण्याजोगं पाणी यांचा फारसा संबंध नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यावे लागतात, आणि त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. जिवाणूंना घाई करता येत नाही. त्यांच्यावर अजून कुणाचा वशिला चाललेला नाही. लोचचे खवले इतके बारीक की अंगावर आहेत की नाहीत असं वाटावं, त्यामुळे पाणी बिघडलं की पहिला हाच कासावीस होतो. झऱ्याचं पाणी पाइपने थेट घरात घेणाऱ्यांना क्लोरीनची काळजी नाही, एवढंच काय ते जोयड्याचं नशीब. बाकी ऐन पावसात वीज गेली की एअर पंप इथेही बंदच पडतो. सुप्याला १०० मेगावॉटचं वीजघर आहे, पण ते लोचला सांगून उपयोग नाही.

मग शेजाराचा प्रश्न. ‘एक लोच टाका, गोगलगायी साफ करेल,’ हा दुकानदाराचा ठरलेला सल्ला. बोटिया गटातले लोच गोगलगायी खातात हे खरं आहे. पण एकट्याने कामावर रुजू व्हायचं, ही अट त्यांना मान्य नसते. हे मासे टोळीने राहतात. टोळीत कोण मोठा, कोण धाकटा हे ढुशा मारून ठरवतात, आणि खाताना टकटक असा आवाज करतात, जो काचेबाहेरही ऐकू येतो. एकटा ठेवलेला लोच एक तर दगडाखाली तोंड लपवून बसतो, नाही तर दुसऱ्या माशांच्या मागे लागतो. पाच-सहा एकदम आणले तर महिन्याभरात कुटुंबकलह सुरू होतो, आणि ते तब्येत उत्तम असल्याचं लक्षण समजावं. काही जण कुशीवर आडवे पडून झोपतात. त्यावरून घरात रडारड करण्याआधी कल्ले हलताहेत का बघावं. काढायला जाळी घालू नये हे तर सगळ्यात महत्त्वाचं. डोळ्याखाली खाचेत मिटलेला दुटोकी काटा असतो. घाबरला की मासा तो बाहेर काढतो आणि जाळीत असा अडकतो की शेवटी कात्रीने जाळीच कापावी लागते.

नवे मासे मुख्य टाकीत सोडण्याआधी वेगळे ठेवा म्हटलं की पहिला आक्षेप येतो: चार पैशांच्या माशासाठी वेगळी टाकी, तीन-चार आठवडे विलगीकरण, एवढा थाट कशाला? कोरोनानंतर विलगीकरण घरोघरी माहीत झालं, ते माशांच्या टाकीपर्यंत मात्र पोचलं नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावर असतो तेव्हा त्याला औषध लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात, आणि ते पोहत सुटले की मगच औषधाच्या तावडीत येतात. तळाशी राहतं कोण? लोच. वर या माशाला मॅलाकाइट ग्रीन किंवा तांब्याची औषधं बाधतात, म्हणून मात्रा बेताने द्यावी लागते. तेव्हा थाट स्वस्तात पडतो.

दुसरा आक्षेप खास इथला आहे, आणि त्यात दम आहे. घरामागच्या ओढ्यात लोच आहेतच, तर पैसे का मोजायचे? उत्तर असं की तो ओढा फुकट देतो ते तुम्ही विकत घेऊ लागलात तर घर गहाण पडेल: सतत धावतं, गार, हवेने भरलेलं पाणी. आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीवाचून मासा उचलणं हा गुन्हा आहे, हे वेगळंच. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या लोचचं २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं बारसं झालं, तेव्हा सरकारनेही मासा उचलून शोभेच्या टाकीत ठेवला नाही. २०२१मध्ये ती जागाच जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर माशासाठी कुंड राखावं लागतं, हे सरकारला एकदा तरी कळलं. बाजारातून आणायचा तरी चौकशी करूनच. पट्टेरी लोच, म्हणजे ‘बोटिया स्ट्रायाटा’, आपल्याच सह्याद्रीतला आणि संकटग्रस्त आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून अशा धोक्यातल्या तीस जातींचे किमान पंधरा लाख मासे शोभेसाठी परदेशी गेले. त्यात हा आघाडीवर होता.

‘नाहीच जमलं तर काळीत सोडून देऊ, मासा आपल्याच मुलखातला आहे,’ असं म्हणणारे पुण्य गाठीला बांधल्याच्या थाटात म्हणतात. मुलूख असा तालुक्याच्या नकाशावर मोजत नाहीत. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली या पट्टेरी लोचची नोंद केली ती तुंगेच्या बाजूची. तो मुख्यतः कृष्णेच्या खोऱ्यातला. काळी डिग्गीला उगम पावते आणि पश्चिमेला कारवारजवळ समुद्राला मिळते. शेजारच्या खानापुरात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेला कृष्णेकडे जाते. मधल्या डोंगरांनी या दोन पाण्यांची सोयरीक हजारो वर्षं होऊ दिलेली नाही. ती तुम्ही एका प्लास्टिकच्या पिशवीतून जमवू नये. टाकीतला रोगही पिशवीबरोबर जातो. नको झालेले मासे दुकानदारालाच परत द्यावेत. तो पैसे देणार नाही, उलट ‘सांगितलं होतं ना एकच न्या म्हणून’ असं ऐकवेल. ऐकून घ्यावं.