कृपया पाणी आणू नये

घरी आलेल्याला निवांत बसू देणं मराठी माणसाच्या रक्तात नाही. आधी पाणी, मग चहा, मग ‘पोहे टाकते, वेळ नाही लागत’. समोरचा नको म्हणाला, की आणखी एकदा विचारायचं. पंगतीत पानावर आडवा धरलेला हात हलकेच बाजूला सारून जिलबी वाढणारी माणसं आम्ही. पाहुणे बिचारे सोसतात. पण हल्ली कुरियरने झाडंही येतात, आणि हा आग्रह त्यांच्या मुळावर येतो.

आमच्या मुलीने बेंगळुरूहून तीन पाठवली. खोक्यावरचे बाण ‘ही बाजू वर’ म्हणत होते आणि खोकं दारात आडवं पडलं होतं. कुंड्यांची तोंडं चिकटपट्टीने बांधलेली, पानं कागदात गुंडाळलेली, तरी कोकोपीट पार चपलांच्या स्टँडपर्यंत. मॉन्स्टेरा मूळचा मेक्सिको ते पनामा पट्ट्यातल्या रानातला. कॅलाथिया दक्षिण अमेरिकेतली. फिडल लीफ फिग पश्चिम आफ्रिकेचं, म्हणजे आपल्या वडाच्या भावकीतलं. तिघंही उष्ण कटिबंधातली, आणि पुणंही 18.5 अंशांवर, त्याच कटिबंधात. नकाशा बघितला तर तक्रारीला जागा नाही. पण ही मंडळी ओलसर हवेत वाढणारी, आणि पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली उतरते. दोरीवरचा टॉवेल कडक होतो, तिथे कॅलाथियाच्या पानांच्या कडा करपल्या तर नवल नाही.

“बाबा, तू काहीही करू नकोस,” मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली. “कुंडी बदलू नकोस, खत घालू नकोस, थेट उन्हात ठेवू नकोस. दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेव. पिठ्या ढेकूण नाहीतर लाल कोळी सोबत आला असेल तर तेवढ्यात कळेल. आणि बोट खुपसून वरची माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही.”

“म्हणजे सोवळ्यात ठेवायची, आणि तीही उपाशी,” इकडून माझी आई म्हणाली.

पहिली धुसफूस फिडल लीफने केली. त्याचं पान चांगलं हातभर, कातड्यासारखं जाड. ते रात्री फरशीवर पडलं की घरातले सगळे उठतात. यामागे आजार असेलच असं नाही. नर्सरीत हिरव्या जाळीखाली भरपूर उजेडात तयार झालेली पानं असतात ती. आपल्या हॉलमध्ये खिडकीपासून चार-पाच पावलं आत आलं, की उजेड डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण झाडाच्या लेखी तो एकदम रोडावतो. मग जुन्या पानाला पोसण्याचा खर्च त्याच्या कमाईपेक्षा जास्त होतो, आणि झाड ते गाळून टाकतं. पुढची पानं नव्या उजेडाच्या बेताने येतात. मी हे समजावून सांगेपर्यंत आईने तांब्या आणला होता.

खरी पंचाईत अशी, की तहानलेलं झाडही मान टाकतं आणि बुडणारं झाडही मान टाकतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कोकोपीटच्या फटींत सतत पाणी साचलं की मुळं कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं लोळतात, म्हणून घरातली कोणीतरी माया करणारी व्यक्ती आणखी पाणी घालते. आमच्याकडे अशा व्यक्ती तीन. आई पूजेच्या तांब्यातलं उरलेलं घाली, मावशी तांदूळ धुतलेलं, आणि बायको ऑफिसला निघताना बाटलीतलं कालचं. प्रत्येकीच्या मते आपण घोटभरच घातलं.

कॅलाथियाने तर प्रकरण चिघळवलं. हिच्या देठाच्या वरच्या टोकाला, पानाच्या बुडाशी, एक फुगीर सांधा असतो. संध्याकाळी त्यातल्या पेशींमधलं पाणी इकडचं तिकडे होतं आणि पानं हळूहळू उभी राहतात, मागची जांभळी बाजू दिसते. सकाळी पुन्हा आडवी. हे रोज होतं, पाणी घाला न घाला. पण दिवेलागणीला आईने ते पाहिलं. “बघ, हात जोडून मागतंय.” यावर वनस्पतिशास्त्राकडे उत्तर नाही.

लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्डने 1833 साली काचेच्या बंद पेट्यांमध्ये झाडं घालून सिडनीला जहाजाने पाठवली होती. कित्येक महिन्यांचा प्रवास, आणि ती जिवंत पोचली. पानांतून उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरायची, त्यामुळे वरून पाणी घालावं लागत नव्हतं. लोक याचं श्रेय वॉर्डच्या हुशारीला देतात. मला वाटतं, पेटी उघडत नव्हती हे मुख्य.

कॅलाथियाची रवानगी मी न्हाणीघरात, खिडकीपाशी केली. तिथे ती रमली. फवारा मारून आर्द्रता दोन-चार मिनिटं वाढते, आंघोळीची वाफ जरा जास्त टिकते. फक्त पाहुणे आत गेले की “सॉरी” म्हणत बाहेर येतात.

बाकी दोघांसाठी तोडगा कुडाळच्या आत्याने आणला. पिशवीतून अळूचे कंद. अळू हे मॉन्स्टेराच्याच कुळातलं, पण स्वभावाने उलटं. कोकणात ते न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतं. पाय कायम ओले असले तरच खूश. मी ते मॉन्स्टेराशेजारीच मोठ्या टबात लावलं आणि जाहीर केलं, की घरातलं सगळं उरलेलं पाणी इथे. तांब्या, तांदूळ, बाटली, तिन्ही ओघ वळले. अळू असं माजलं, की शेजाऱ्यांना वड्या पोचल्या. अळू आणि मॉन्स्टेरा, दोघांच्याही पानांत घशाला खाज आणणारे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूच्या बाबतीत चिंच आणि वाफ त्यांची खोड मोडतात.

मॉन्स्टेराला परवा नवं पान आलं. पोपटी, ओलसर दिसणारं, कडेला नीट कापलेलं. मुलीला व्हिडिओवर दाखवलं, ती खूश झाली. आई चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मग पानाची जाडी दोन बोटांत धरून तिने विचारलं, “चिंच जरा जास्त घातली तर?”